लहान धंद्यांच्या मालपुरवठ्यांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा जबाबदारीनें उपयोग

खेड, मावळ व हवेली या तालुक्यांतील शेतकऱ्यांचा कारखानदारीशीं संबंध आतां नवा राहिलेला नाहीं. १९५४ सालीं पिंपरी येथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर पिंपरी, चिंचवड व भोसरी हा मुलूख यंत्रांच्या कारखान्यांनीं भरून गेला. पुढें चाकणच्या माळावर मोटारींचे कारखाने उभे राहिले; त्यांपैकीं फोक्सवॅगन कंपनीचा कारखाना २००९ सालीं चालू झाला. चाकणची कांदा-बटाट्याची पेठ मात्र या मोटारींच्या कारखान्यांच्या आधींची असून ती आजहि चालू आहे. यामुळें येथील बागायतदाराच्या एकाच घरांत दोन तऱ्हेचे व्यवहार नांदतांना दिसतात. एक भाऊ कांदा पिकवितो, दुसरा टेंपो ठेवून कारखान्यांच्या उपाहारगृहांस भाजी पुरवितो आणि तिसऱ्यानें पत्रा दाबून सुटे भाग घडविण्याचें लहानसें वर्कशॉप काढलेलें असतें.

अशा लहान धंदेवाल्यांकडे अलीकडे ‘कृत्रिम बुद्धिमत्ते’च्या योजना घेऊन विक्रेते येऊं लागले आहेत. उद्यां किती माल खपेल, भाव कोठें जाईल, गाडी कोणत्या रस्त्यानें न्यावी, माल पहिल्या प्रतीचा कीं दुसऱ्या, हें सर्व आपलें यंत्र सांगेल असें ते म्हणतात. यांत तथ्य मुळींच नाहीं असें नव्हे. परंतु जें तथ्य आहे त्याच्या मर्यादा विक्रेता सहसा सांगत नाहीं. म्हणून हें यंत्र काम कसें करतें, त्याचा अंदाज कसा तपासावा व त्याचा उपयोग करतांना आपली जबाबदारी कोणती, याचा क्रमानें विचार या लेखांत करावयाचा आहे.

१. पुरवठ्याची साखळी आणि तिचे हेलकावे

कच्च्या मालापासून गिऱ्हाइकाच्या हातापर्यंत माल ज्या ज्या हातांतून जातो, त्या सर्व हातांस मिळून पुरवठ्याची साखळी म्हणतात. बटाट्याच्या बाबतींत बियाणें, शेत, आडत, शीतगृह, व्यापारी व खाणावळ अशा कड्या असतात. मोटारीच्या भागाच्या बाबतींत पत्रा, लहान वर्कशॉप, मुलामा देणारा, भाग जोडणारा मोठा पुरवठादार आणि शेवटीं मोटारीचा कारखाना अशा कड्या असतात. माल एका दिशेनें पुढें जातो. मागणीची बातमी उलट दिशेनें मागें येते. साखळींतील पुष्कळसें नुकसान माल खराब झाल्यानें होत नाहीं, तर बातमी बिघडल्यानें होतें.

एक उदाहरण घेऊं. समजा, कारखान्यास रोज १०० भाग लागत होते ते ११० लागूं लागले. मोठा पुरवठादार थोडा साठा हाताशीं असावा म्हणून १२० मागवितो. त्याच्या मागचा १४० मागवितो, आणि शेवटचें लहान वर्कशॉप १६० भागांचा पत्रा उधारीवर आणून टाकतें. पुढच्या महिन्यांत कारखान्याची गरज पुन्हा १०० वर आली म्हणजे प्रत्येकजण आपला साठा संपेपर्यंत मागणी आंखडतो व शेवटच्या वर्कशॉपला ६० चीच मागणी येते. कारखान्याची गरज दहानें हालली, पण शेवटच्या माणसाची शंभरानें हालली. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथील तंत्रशिक्षणसंस्थेचे जे. डब्ल्यू. फॉरेस्टर यांनीं १९६१ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत या हेलकाव्यांची शास्त्रीय मीमांसा केली. चाबकाची मूठ थोडी हलविली तरी टोंकास मोठा फटका बसतो, तसाच हा प्रकार आहे. आणि लहान धंदेवाला नेहमीं टोंकास असतो.

येथें यंत्राचा खरा उपयोग आहे. साखळीच्या शेवटीं प्रत्यक्ष खप किती झाला, हा आंकडा मागच्या सर्व कड्यांस मिळाला, तर हेलकावे कमी होतात. परंतु प्रत्येकानें स्वतंत्र यंत्र घेतलें आणि त्यास केवळ पुढच्याची मागणी खाऊं घातली, तर तीच चूक अधिक वेगानें होईल. यंत्र घेण्यापूर्वीं त्यास कोणता आंकडा द्यावयाचा हें ठरविणें जरूर आहे.

२. यंत्र काय करतें व काय करीत नाहीं

कृत्रिम बुद्धिमत्ता हें नांव मोठें असलें तरी तिचें मूळ तत्त्व साधें आहे. पूर्वीच्या पुष्कळ नोंदी संगणकास देतात. त्यांत कोणत्या गोष्टीमागून कोणती गोष्ट आली याचे संबंध तो गणितानें शोधतो. आणि नवी परिस्थिति समोर आली म्हणजे जुन्या संबंधांवरून पुढचें अनुमान करतो. चित्र पाहून कांद्याची प्रत ठरविणारें यंत्र, खपाचा अंदाज करणारें यंत्र आणि प्रश्नाचें उत्तर मराठींत लिहून देणारें यंत्र, या तिहींचें तत्त्व हेंच. यांपैकीं कोणत्याहि यंत्रानें कांदा पिकविलेला नाहीं कीं बाजार पाहिलेला नाहीं. जें नोंदींत आलें तेवढेंच त्यास ठाऊक. उत्तर देणारें यंत्र तर कांहीं वेळां नसलेली गोष्टहि असल्यासारखी ठामपणें लिहून देतें.

म्हणून यंत्र टाकाऊ ठरत नाहीं. बारामती येथील कृषि विज्ञान केंद्र चालविणाऱ्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें मायक्रोसॉफ्ट कंपनी व ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या साहाय्यानें उसाच्या शेतीवर असा प्रयोग चालविला आहे. उपग्रहाचीं चित्रें, हवामानाचीं यंत्रें व जमिनींतील ओल मोजणारे खिळे यांच्या नोंदी एकत्र करून पाणी व खत केव्हां द्यावें याचा सल्ला तेथें दिला जातो. महाराष्ट्र सरकारनेंहि जून २०२५ मध्यें शेतींतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीं २०२५ ते २०२९ या काळाचें धोरण मंजूर केलें व त्यासाठीं आरंभीं ५०० कोटि रुपयांची तरतूद ठरविली. हें तंत्र आपल्या दारापर्यंत येणार हें निश्चित आहे. प्रश्न इतकाच कीं, तें दारांत आल्यावर घरचा कारभार त्याच्या हातीं किती द्यावा.

३. अंदाज तपासण्याची रीत

विक्रेता ‘आमचा अंदाज अमुक टक्के बरोबर येतो’ असें सांगतो. तो आंकडा दुसऱ्याच्या धंद्यावरचा असतो. आपल्या धंद्यावर तो आपणच तपासला पाहिजे. त्यास मोठें गणित लागत नाहीं.

समजा, आपण एका उपाहारगृहास दर सोमवारीं टोमॅटो पुरवितों. सहा सोमवारचा प्रत्यक्ष खप अनुक्रमें २००, २१०, १९०, २२०, १२० व २०५ किलो झाला. पांचव्या सोमवारीं कारखान्याची एक पाळी बंद होती. दुसऱ्या सोमवारपासून पुढचे पांच अंदाज तीन रीतींनीं तपासूं.

पहिली रीत: मागच्या सोमवारचाच आंकडा धरावयाचा. अंदाज २००, २१०, १९०, २२०, १२०. चुका १०, २०, ३०, १००, ८५, बेरीज २४५, सरासरी चूक ४९ किलो.

दुसरी रीत: यंत्राचा अंदाज. २०५, २०५, २०५, २१०, १९५. चुका ५, १५, १५, ९०, १०, बेरीज १३५, सरासरी चूक २७ किलो.

तिसरी रीत: पुरवठादाराचा स्वतःचा अंदाज. २००, २००, २००, १२५, १९०. चुका १०, १०, २०, ५, १५, बेरीज ६०, सरासरी चूक १२ किलो.

यावरून यंत्र फुकट आहे असें ठरतें काय? नाहीं. पांचवा सोमवार सोडला तर उरलेल्या चार दिवसांत यंत्राची चूक ४५ किलो व माणसाची ५५ किलो आहे. म्हणजे नेहमींच्या दिवशीं यंत्र सरस ठरलें. पांचव्या दिवशीं पाळी बंद असल्याचें माणसास फाटकावरच्या मुकादमाकडून कळलें होतें, यंत्रास तें कोणी सांगितलें नव्हतें. नेहमींच्या दिवशीं यंत्राचा व पांचव्या दिवशीं माणसाचा आंकडा घेतला, तर एकूण चूक ५० किलो व सरासरी केवळ १० किलो येते. हाच या धड्याचा सार आहे. नेहमींचें काम यंत्राकडे द्यावें, आणि विशेष बातमी असेल तेव्हां माणसानें यंत्राचा आंकडा बदलावा. मात्र असा बदल केला म्हणजे त्याचें कारण वहींत लिहून ठेवावें, म्हणजे आपण बातमीवरून बदल करतों कीं नुसत्या लहरीवरून, हें दोनतीन महिन्यांत स्पष्ट होईल.

पांचसहा आंकड्यांवरून निर्णय मात्र घेऊं नये. वरील उदाहरण रीत दाखविण्यापुरतें आहे. निदान एक पूर्ण हंगाम यंत्राचा अंदाज वहींत लिहावा, पण माल आपल्या पद्धतीनेंच भरावा. हंगामाअखेर तिन्ही रीतींची बेरीज करावी. जें यंत्र ‘मागच्या आठवड्याइतकाच’ या फुकटच्या रीतीहून सरस ठरत नाहीं, त्यास भाडें देण्याचें कारण नाहीं.

४. अंदाज आणि खरेदी या दोन गोष्टी आहेत

बरोबर अंदाज मिळाला तरी तितकाच माल भरावा असें नाहीं. समजा, टोमॅटो २० रुपये किलोनें घेऊन २८ रुपयांस विकतों आणि उरलेला माल संध्याकाळीं ८ रुपयांस जातो. माल कमी पडला तर किलोमागें ८ रुपये नफा बुडतो. जास्त झाला तर किलोमागें १२ रुपये तोटा येतो. आठास वीसनें भागलें तर दहापैकीं चार हें प्रमाण येतें. याचा अर्थ, दहा दिवसांपैकीं चार दिवस पुरेल व सहा दिवस किंचित् कमी पडेल इतकाच माल भरणें फायद्याचें. म्हणजे यंत्राच्या मधल्या अंदाजाहून थोडा कमी.

परंतु माल कमी पडल्यास गिऱ्हाईक दंड करीत असेल किंवा कंत्राट मोडण्याची भीति असेल, तर तें नुकसानहि हिशेबांत धरलें पाहिजे. कमी पडण्याचें नुकसान किलोमागें ३६ रुपये झालें, तर ३६ भागिलें ४८ म्हणजे चारापैकीं तीन हें प्रमाण येतें व मधल्या अंदाजाहून जास्त माल ठेवावा लागतो. मोटारीच्या सुट्या भागांत हाच न्याय अधिक लागू पडतो. भाग नासत नाहीं, पण तो वेळेवर न पोंचल्यास पुढच्याचें काम अडतें. कोणत्या चुकीची किंमत किती, हें यंत्रास आपण सांगावयाचें असतें. तें न सांगतां यंत्राकडूनच आपोआप खरेदी करविणें म्हणजे हिशेब न पाहतां कोऱ्या कागदावर सही करण्यासारखें आहे.

५. यंत्रास न दिसणाऱ्या गोष्टी

कांद्याचें उदाहरण आपल्या सर्वांच्या अनुभवांतील आहे. १९ ऑगस्ट २०२३ रोजीं केंद्र सरकारनें कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसविलें. ८ डिसेंबर २०२३ रोजीं निर्यातच बंद केली. ४ मे २०२४ रोजीं बंदी उठविली, पण ४० टक्के शुल्क व किमान निर्यातमूल्य ठेवलें. सप्टेंबर २०२४ मध्यें शुल्क २० टक्क्यांवर आणलें, आणि १ एप्रिल २०२५ पासून तें काढून टाकलें. मागील दहा वर्षांचे भाव, आवक व पाऊस यांच्या नोंदी ज्यास दिल्या आहेत असें उत्तम यंत्रहि यांपैकीं एकाहि हुकुमाची तारीख आधीं सांगूं शकलें नसतें. कारण हुकूम पिकांतून निघत नाहीं, कचेरींतून निघतो. मार्च २०२० मधील टाळेबंदीनें चाकणचे कारखाने बंद पडले तेव्हां मागणीचे सर्व जुने आंकडे एका दिवसांत निरुपयोगी झाले, तेंहि याच जातीचें.

मोठ्या भांडवलवाल्यांचीहि यांत फसगत होते. अमेरिकेंतील झिलो नांवाची कंपनी संगणकाच्या अंदाजावरून घरें विकत घेऊन पुन्हा विकीत असे. भावांचा अंदाज चुकल्यानें नोव्हेंबर २०२१ मध्यें तिनें हा धंदा बंद करण्याचें जाहीर केलें व सुमारें चतुर्थांश नोकर कमी केले. त्या कंपनीपाशीं तोटा सोसण्यास भांडवल होतें. चाळीत भरलेला कांदा हेंच ज्याचें भांडवल, त्यानें यंत्राच्या एका आंकड्यावर सर्व माल रोखून धरूं नये. माल तीनचार टप्प्यांत विकण्याची जुनी चाल यंत्राच्या काळांतहि शहाणपणाचीच आहे.

६. जबाबदारीचे नियम

जबाबदारी हा शब्द येथें दोन अर्थांनीं घ्यावयाचा आहे: स्वतःच्या धंद्याविषयीं व ज्यांच्यावर आपल्या यंत्राचा परिणाम होतो त्यांच्याविषयीं.

(अ) निर्णयाचा धनी माणूस असावा. मालाची प्रत नाकारणें, मजूर कमी करणें, पुरवठादार बदलणें किंवा उधारी बंद करणें, या गोष्टी यंत्राच्या शिफारशीनें आपोआप होऊं देऊं नयेत. ज्याचा माल नाकारला त्यास कारण सांगतां आलें पाहिजे, आणि ‘यंत्र म्हणतें’ हें कारण होत नाहीं.

(आ) प्रतवारीचें यंत्र आपल्या मालावर तपासावें. दुसऱ्या मुलुखांतील कांद्याच्या चित्रांवर शिकविलेलें यंत्र आपल्या कांद्याचा रंग व आकार पाहून चूक करूं शकतें. शंभर कांदे जाणत्या माणसाकडून व यंत्राकडून वेगवेगळे निवडून घ्यावे आणि फरक मोजावा. खरीदणाराचें यंत्र असेल तर हाताने फेरतपासणी मागण्याचा हक्क करारांत लिहून घ्यावा.

(इ) गाडीवानावर यंत्राचें ओझें टाकूं नये. नकाशा अंतर जाणतो. तळेगांव चौकांत व आंबेठाण चौकांत पाळी सुटण्याच्या वेळीं होणारी कोंडी तो पुरती जाणीलच असें नाहीं. यंत्रानें दिलेली वेळ गांठण्यासाठीं पुणें-नाशिक रस्त्यावर टेंपो भरधांव हांकला जात असेल, तर अपघाताचा दोष गाडीवानाचा नव्हे, वेळ ठरविणाराचा आहे. उशिरास दंड लावण्यापूर्वीं ती वेळ साध्य होती काय हें पाहावें.

(ई) दुसऱ्याची माहिती ठेवींप्रमाणें सांभाळावी. २०२३ सालीं संसदेनें डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा मंजूर केला. माणसाची माहिती घेतांना ती कशासाठीं घेतों हें सांगावें, साधारणतः त्याची संमति घ्यावी आणि त्याच कामापुरती ती वापरावी, हें त्याचें तत्त्व. मजुरांचे फोन, गाडीवान कोठें आहे याच्या नोंदी व शेतकऱ्यांचे बँकेचे खाते-क्रमांक कोणत्याहि यंत्रांत भरण्यापूर्वीं हें ध्यानांत ठेवावें. गिऱ्हाइकानें विश्वासानें दिलेले भागांचे नकाशे फुकटच्या यंत्रांत टाकणें हाहि विश्वासघातच होय.

(उ) यंत्राच्या सबबीवर पैसे अडकूं देऊं नयेत. ‘संगणकानें बिल अडविलें’ ही सबब नवी आहे, पण कायदा जुना आहे. लघुउद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणें नोंदलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे करार असल्यास ठरल्या मुदतींत, पण ४५ दिवसांच्या आंत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत दिले पाहिजेत. उशीर झाल्यास बँकदराच्या तिप्पट दरानें दरमहा चक्रवाढ व्याज लागतें. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यास मात्र या कलमाचा आधार नाहीं. म्हणून भाजी पुरविणाऱ्यानें देण्याची मुदत करारांतच स्पष्ट लिहून घ्यावी. आणि आपणहि आपल्या मागच्या शेतकऱ्याचे पैसे याच न्यायानें वेळेवर द्यावे.

(ऊ) वही आपली असावी. खप, भाव व आवक यांच्या नोंदी विक्रेत्याच्या यंत्रांतच राहिल्या, तर यंत्र सोडतांना अनेक वर्षांचा अनुभव त्याच्या घरीं राहतो. सर्व नोंदी साध्या स्वरूपांत परत मिळतील अशी अट पहिल्याच दिवशीं घालावी.

७. संघानें करावयाचें काम

एकट्यादुकट्या शेतकऱ्यापाशीं यंत्रास शिकविण्याइतक्या नोंदी नसतात व विक्रेत्याशीं अटी ठरविण्याची ताकदहि नसते. १९०४ च्या सहकारी कायद्यानंतर सावकारीच्या प्रश्नावर जो उपाय आपल्या वडीलधाऱ्यांनीं स्वीकारला, तोच येथेंहि लागू आहे. पंचवीस-तीस पुरवठादारांनीं खपाच्या नोंदी एकाच नमुन्यांत ठेवाव्या. त्या संघाच्या मालकीच्या असाव्या. यंत्राची परीक्षा एकदां संघानें घ्यावी व निकाल सर्वांस सांगावा. यांत एक पथ्य आहे. नोंदी एकत्र करणें ते अंदाजासाठीं व खर्च वांचविण्यासाठीं. संगनमतानें भाव चढविण्यासाठीं नव्हे.

विक्रेत्यास पुढील प्रश्न विचारून उत्तरें लेखी घ्यावीं. यंत्र कोणत्या मुलुखाच्या व किती वर्षांच्या नोंदींवर शिकविलें आहे? मागच्या आठवड्याचा आंकडा धरण्याच्या साध्या रीतीहून तें आमच्या धंद्यांत किती सरस ठरतें? अंदाजाबरोबर चुकीची मर्यादा सांगतें काय? आमच्या नोंदी दुसऱ्या कोणास दिल्या जातात काय? यंत्र चुकल्यास नुकसान कोणी सोसावयाचें? आणि सोडावयाचें झाल्यास नोंदी परत कशा मिळतील?

ज्या विक्रेत्यास या प्रश्नांचीं उत्तरें देतां येतात, त्याच्याशीं एका मालापुरता व एका हंगामापुरता करार करण्यास हरकत नाहीं. ज्यास देतां येत नाहींत, त्याचें यंत्र कितीहि बुद्धिमान् म्हणून सांगितलें, तरी तें आपल्या धंद्यांत घेऊं नये. वाचकांनीं येत्या हंगामांत एका तरी मालाचा अंदाज व खप वर दाखविल्याप्रमाणें वहींत मांडून पाहावा. यंत्र पुढें घेतलें न घेतलें तरी ती वही उपयोगीच पडेल.